तुझ्यावर राज्य, ताई!

ताई पुण्यात, धाकटा बिडकीनला. मध्ये अडीचशे किलोमीटर आणि थोडा अबोला. दोघांनी मिळून मल्टिप्लेअर गेम बनवायला घेतला, त्याची ही गोष्ट...

माझी डिग्री मास कम्युनिकेशनची. कॉम्प्युटरवर मी लेख टाइप करते, मेल करते आणि पेमेंटची वाट बघते. बस्स! ‘नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ वगैरे आपला प्रांतच नाही.

माझा धाकटा भाऊ बिडकीनला आईजवळ राहतो, चितेगावच्या एका कंपनीत शिफ्ट करतो. आईच्या ऑपरेशननंतर आमचं बोलणं ‘जेवलीस?’ ‘हो’ एवढ्यावर आलं होतं. गेल्या दिवाळीत घरी गेले, तर साहेब लॅपटॉपवर एक लाल ठिपका इकडून तिकडे पळवत बसलेले.

‘‘हे काय रे?’’
‘‘शिवाशिवी.’’
‘‘एकट्यानेच?’’
‘‘मग तू खेळ ना!’’

झालं, मी अडकले.

घरात हिट, पुण्यात फ्लॉप

पहिला धडा सोपा होता. एकाच लॅपटॉपवर दोन प्रोग्राम उघडायचे आणि त्यांनी एकमेकांना निरोप पाठवायचे. निरोप जातो तो पत्ता १२७.०.०.१, म्हणजे ‘माझं मलाच’. पायथनमध्ये यासाठी ‘सॉकेट’ नावाची सोय तयार असते. सॉकेट म्हणजे निरोप जायचा-यायचा दरवाजा. मग दोन लॅपटॉप घरच्या वायफायवर जोडले. लाल ठिपका त्याचा, निळा माझा. भाऊबीजेच्या रात्री दीडपर्यंत नुसती धम्माल!

पुण्याला परत आले आणि गेम ठप्प. त्याच्याकडे मोबाइलचं इंटरनेट. तिथे कितीतरी ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात, त्यामुळे बाहेरून आलेला अनोळखी निरोप दारातच अडतो. यावर तोडगा म्हणजे मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि दोघांनीही आपणहून त्याच्याकडे जायचं. माहेरी दोन भावंडं भेटतात ना, तसं.

‘शिवलं!’ ‘कुठे शिवलं?’

खरी मजा यानंतर सुरू झाली. माझ्या स्क्रीनवर मी त्याला शिवलेलं असायचं. त्याच्या स्क्रीनवर तो केव्हाच निसटलेला! फोनवर जाम भांडणं. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. त्या हिशोबाने पुणे-बिडकीन म्हणजे सव्वा मिलिसेकंदाचं काम. पण निरोप मुंबईमार्गे जातो, राउटर बदलतो, टॉवरपाशी रांगेत थांबतो. संध्याकाळी आमचा निरोप जाऊन परत यायला कधीकधी तीनशे मिलिसेकंद लागायचे. म्हणजे मला जो भाऊ दिसायचा, तो काही क्षणांपूर्वीचा.

हे भांडण जुनंच आहे म्हणे. ‘क्वेक’ १९९६ मध्ये आला तेव्हा लॅनवर झकास पळायचा, पण मोडेमवाल्यांना बटण दाबून ताटकळत बसावं लागे. त्याच वर्षी जॉन कारमॅकने ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये उपाय काढला. तुमचा खेळाडू तुमच्या स्क्रीनवर लगेच हलवायचा, सर्व्हरचा निकाल वेगळा आला तर मागाहून दुरुस्त करायचा. अंपायर मात्र सर्व्हरच. ‘काउंटर-स्ट्राइक’चा सर्व्हर तर गोळी सुटली तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं, हे मागे जाऊन बघतो. आपल्या पुण्यातल्या सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. तिथे एकाच मैदानात कितीतरी खेळाडू. आमचे दोनच ठिपके, पण दुखणं तेच!

पोच घेतली का?

निरोप पाठवायच्या दोन पद्धती असतात. टीसीपी म्हणजे रजिस्टर्ड पोस्ट. पोच मिळेपर्यंत पिच्छा सोडत नाही, पण एक पत्र हरवलं की मागची सगळी खोळंबतात. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड. टाकलं की विसरलं. ठिपका कुठे आहे हे आम्ही सेकंदाला वीस वेळा पाठवत होतो. एखादं कार्ड हरवलं तरी काय बिघडतं? लगेच दुसरं येतंच. म्हणून यूडीपी.

पण एका रात्री मी त्याला शिवले, आणि सर्व्हरचा ‘शिवलं’ हा एकच निरोप त्याच्याकडे जाताना हरवला. त्याच्या स्क्रीनवर राज्य माझ्यावरच. दोघंही एकमेकांपासून पळतोय!

‘‘हा निरोप हरवून कसं चालेल?’’ तो म्हणाला. ‘‘याची पोच घ्यायलाच पाहिजे. नाही आली तर पुन्हा पाठवायचा.’’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘‘ताई, आईच्या ऑपरेशनला तू येणार नाहीस, हे मला कळलंच नव्हतं.’’

‘‘मेसेज केला होता रे मी.’’

‘‘मला नाही मिळाला. मी दिवसभर हॉस्पिटलच्या दाराकडे बघत होतो.’’

डेडलाइनच्या गडबडीत मी एक ओळ टाकली होती आणि कळलं असेल असं धरून चालले होते. त्याने धरलं, की ताईला काही पडलेलीच नाही. फोन एकानेही केला नाही. आठ महिने!

‘‘चुकलं माझं,’’ मी म्हणाले. फोनवर बराच वेळ शांतता.

मग स्क्रीनवर लाल ठिपका येऊन माझ्या निळ्या ठिपक्याला चिकटला. ‘‘राज्य आलं तुझ्यावर. पोच दे!’’

दिली.

तुम्हालाही करायचंय?

• आधी एकाच मशीनवर दोन प्रोग्राम बोलते करा. मग घरचं वायफाय, इंटरनेट सर्वांत शेवटी.
• पहिला गेम फुलीगोळा घ्या. आळीपाळीने खेळायचं असल्याने टीसीपीवर छान चालतो. पळापळीचा गेम नंतर.
• निकाल नेहमी सर्व्हरने द्यायचा. खेळाडूचा शब्द प्रमाण मानलात, तर चीटिंग ठरलेलीच.
• मुद्दाम उशीर लावून आणि निरोप हरवून टेस्ट करा. घरच्या वायफायवर सगळेच हीरो असतात.
• ‘बीज्स गाइड टू नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ फुकट वाचायला मिळतं. उदाहरणं सी भाषेत आहेत, पण फंडे क्लिअर होतात.