पाण्याची ओढ

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघालं, की आरे गाव मागे पडताच रस्ता चढणीला लागतो. टेकडीवर थांबलं की एका अंगाला आरेचा किनारा, दुसऱ्या अंगाला वारेचा. खाली सुरूचं बन, त्यातून अखंड वाहणारा वाऱ्याचा सूर, आणि पावसाळा सरल्यानंतरचं निळं, समजूतदार दिसणारं पाणी. त्याच्या समजूतदारपणावर भरवसा ठेवू नये, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पायाखालची वाळू कुठे सरकते, ओहोटीचं पाणी कुठून आत खेचतं, हे वरून कळत नाही. पट्टीचा पोहणारा असला तरी शहाणा पाहुणा आधी गावकऱ्याला विचारतो आणि मगच पाण्यात पाय घालतो.

दुखऱ्या मनाशी बोलायला बसणाऱ्यानं हेच करावं, असं मला वाटत आलं आहे. पोहण्याची विद्या त्याच्याकडे असते, असायलाच हवी. पण ज्याचं मन, तोच तिथला गावकरी.

माझी आत्या उदास आहे असं कधी म्हणाली नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं, हातापायांतलं बळ गेलं, घास खाली उतरत नाही, एवढंच ती सांगे. नवरा मुंबईला गिरणीत, घरी यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. घरच्यांनी मग ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवून मानकरी पुढे उभा राहिला. या लेकीच्या जिवाला आराम नाही, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, असं तो मोठ्यानं देवाला सांगू लागला, आणि मागची सगळी माणसं वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेली. तिचं दुखणं पहिल्यांदाच चार माणसांत उभं राहिलं होतं, आणि त्यावर कुणी हसलं नव्हतं. त्या रात्री आत्या पोटभर जेवली.

आजार मात्र गेला नाही. पुढे कुणीतरी शेजारणीच्या करणीचं नाव घेतलं आणि दोन घरांचं जाणंयेणं तुटलं. आपल्या चालीरीतींचा मान राखायचा तो असा डोळे उघडे ठेवून. गाऱ्हाण्यातला आधार घ्यावा. पण बाधा म्हणून माणसाला मारणं, साखळीनं बांधणं याला संस्कृती म्हणू नये. महाराष्ट्रानं २०१३ साली त्याविरुद्ध कायदाच केला.

शेवटी आत्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे होतं?” आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “गणपती गेले की घर खायला उठतं.” गोळ्या सुरू झाल्या. देवळात जाणं बंद करा, असं बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. उन्हाळ्यात रातांबे फोडायला बायका जमतात, तिथे जाऊन बसेन, हा उपाय आत्यानं स्वतःच काढला आणि बाईंनी तो गोळ्यांइतकाच गंभीरपणे लिहून घेतला.

बाईंचा तो प्रश्न किती मोठा होता, हे मला फार उशिरा समजलं. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९७० च्या दशकातच सांगितलं होतं, की आजाराबद्दल रुग्णाचं स्वतःचं एक म्हणणं असतं, ते आधी विचारा. पुढे २०१३ साली अमेरिकेच्या मनोविकार निदान-पुस्तिकेत यासाठी १६ प्रश्नांची मुलाखतच आली.

आपल्याकडे मात्र आधी भीती आडवी यायची. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. दक्षिण कोकणात ‘याला रत्नागिरीला धाडायला हवा’ ही चेष्टा पिढ्यान्‌पिढ्या चालली. अशा चेष्टेतून घराघरांत जी भीती मुरते, ती एका दिवसात जात नाही. तिच्यावर उतारा मिळाला तो आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसांमुळे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत मांडलेली, आपलेच विचार तपासायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. नाडकर्णींनी तिची सांगड वेदान्ताशी आणि संतविचाराशी घातली. ती परकी वाटली नाही, यात नवल नाही. समर्थांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून रचले, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत ते तिन्हीसांजेला म्हटले गेले. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलायची सवय आपल्याला जुनीच आहे.

मात्र बोलतं करायची रीत वयागणिक बदलते. लहान मुलाचं तर आणखी वेगळं. त्याला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारले तर ते आईच्या पदराआड जातं. त्याच्याबरोबर जमिनीवर बसावं लागतं, रंग आणि बाहुल्या पुढे ठेवाव्या लागतात, आणि घरात आजी असेल तर तिलाही बोलवावं लागतं, कारण मुलाचा अर्धा दिवस तिच्याजवळ जातो. वयात आलेल्या मुलाला उलट आजी आणि आई दोघी नको असतात. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला येतो. त्या पहिलेपणाचं ओझं कुणाच्या पाठीवर आहे, हे एकट्यानं बोलायला मिळालं तरच तो सांगेल. आणि मोठा माणूस? तो ‘माझं काही नाही, झोप तेवढी येत नाही’ म्हणत दाराशीच उभा राहतो. त्याला झोपेपासूनच सुरुवात करू द्यावी.

उपचार दोघांनी मिळून ठरवावेत, हे आता केवळ सौजन्य उरलेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. पण समोरच्यानं विचारलंच नाही, तर कागदावरचा हक्क कागदावरच राहतो. विचारणं हे उपचाराआधीचं काम नव्हे. उपचार तिथूनच सुरू होतो.

म्हणून वाचकहो, घरातलं कुणी गप्प झालं असेल तर सल्ल्याची घाई करू नका. तुला काय वाटतं, हे कशामुळे होतंय, एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.