कागदाची ऊब

झेरॉक्सच्या यंत्रातून नुकताच बाहेर आलेला कागद मी क्षणभर तसाच हातात धरून ठेवते. वाचायचं काहीच नसतं. भाडेकरार असतो, नाहीतर आधार कार्ड, आणि दोन्ही मला पाठ असतात. मला हवी असते ती त्याची ऊब. झोपेतून उठलेल्या मुलाच्या गालाला असते तशी, कुणासाठी म्हणून नसलेली. ती फार टिकत नाही. पनवेलजवळच्या करंजाड्याच्या पावसाळी, दमट हवेत दुकानाच्या फळीवरून माझ्या पिशवीत जाईस्तोवर कागद निवतो, आणि मग तो नुसतं कागदपत्र होऊन जातो.

माझ्या लहानपणी छापील कागद गार असायचा. गार, किंचित ओलसर आणि वासाचा. आई पनवेलला शाळेत शिकवायची, आणि सहामाही जवळ आली की शाळेच्या कार्यालयातल्या कोपऱ्यात सायक्लोस्टाइलचं यंत्र चादरीखालून बाहेर निघायचं. त्याआधी स्टेन्सिल कापायचं असे: टायपरायटरची रिबन बाजूला सारून नुसते खिळे मेणकागदावर आपटायचे, म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं मेण फाटून शाईला वाट मिळायची. एखादं अक्षर चुकलं की लाल द्रावाचा ठिपका, नेलपॉलिशसारख्या वासाचा. आई त्यावर फुंकर घालत बसायची. मग ते स्टेन्सिल रुळावर चढे, शाळेचे शिपाईमामा हँडल फिरवू लागत, आणि सर्र-खट, सर्र-खट करत कागद पलीकडे पडत राहत. ते उचलून एकमेकांना चिकटू न देता वेगळे ठेवण्याचं काम माझं. माझ्या इयत्तेची प्रश्नपत्रिका असली की मात्र मला व्हरांड्यात बसवलं जाई, आणि आतून नुसता तो आवाज आणि तो वास येत राही, तेलकट, काळा, थोडा रॉकेलच्या अंगाने जाणारा. बिघडलेले कागद घरी यायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी कित्येक गणितं केली, आणि प्रत्येक गणिताच्या मागे कुणाच्या तरी इतिहासाचे प्रश्न उलटे उमटलेले असायचे.

किती दिवस गेले.

ऊब कागदात नव्हती त्या काळीही ती कुठेतरी असणारच, असं आता वाटतं. आमच्या गल्लीतल्या छापखान्यात कंपोझिटर स्टिकमध्ये खिळे जुळवत बसायचे, आणि एखादा झिजलेला खिळा ते माझ्या तळहातावर ठेवायचे. गार, वजनदार, उलट्या अक्षराचा. पण तो खिळाही कधीतरी वितळलेलं शिसं होता, कथील आणि अँटिमनी मिसळून साच्यात ओतलेला, आणि साच्यातून निघाला त्या घडीला त्याला कुणी हात लावू शकलं नसतं.

त्या ओतण्याच्या घडीपाशी एक मराठी माणूस उभा होता, हे मला फार उशिरा कळलं. शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, १८६७ चा. सरकारी कचेरीतली नोकरी आणि डोक्यात यंत्रं. वाण्याच्या दुकानातला माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेला १८९७ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाचं बक्षीस मिळालं, आणि मग ते लंडनलाच गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला. तिथल्या थंडीत या माणसाने ध्यास घेतला तो खिळे ओतण्याचा. ते काम यंत्राने अधिक झपाट्याने आणि सफाईने व्हावं याचा. यंत्राचं नाव भिसोटाइप. पुढे सर रतन टाटांनी पैसा घातला, टाटा-भिसे अशी जोडनावाची कंपनी निघाली, पण ती टिकली नाही. १९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले आणि तिथेही खिळे ओतण्याच्या यंत्रांचीच खटपट करत राहिले. लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणत. मला ही उपाधी कधी आवडली नाही, माणसाचं स्वतःचं नाव झाकणारी म्हणून. पण त्या एडिसननेही १८७६ मध्ये प्रती काढण्यासाठी विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं होतं, कागदाला बारीक भोकं पाडून त्यातून शाई उतरवणारी, म्हणजे आईच्या स्टेन्सिलची पूर्वज. तेवढ्यापुरतं नातं मान्य करते.

७ एप्रिल १९३५ ला भिसे न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, त्याच शहरातल्या अ‍ॅस्टोरिया भागात, चेस्टर कार्लसन नावाचा एक माणूस भाड्याच्या खोलीत बसला होता. एका कंपनीच्या पेटंट विभागात कागदांच्या नकला पुरवता पुरवता जेरीला आलेला, त्यात पाठीचा संधिवात. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर वीज आणली. काचेवर शाईने तारीख आणि त्या जागेचं नाव लिहून ती काच पत्र्यावर ठेवली आणि वरून दिवा लावला. उजेड पडला तिथली वीज ओसरली, अक्षरांच्या सावलीत ती तशीच राहिली. वर भुरभुरवलेली वनस्पतीची भुकटी फक्त त्या सावलीला चिकटली. मग मेणकागद दाबून, तापवून, ती अक्षरं कागदावर घेतली. २२ ऑक्टोबर १९३८. झेरॉक्सची पहिली प्रत गरमच जन्मली म्हणायची. १९५९ मध्ये त्याच्या शोधातून बाजारात उतरलेलं मोठं यंत्र इतकं तापायचं की सोबत आग विझवायचं नळकांडंही द्यावं लागे, हे वाचून मी एकटीच हसले होते.

आजही तेच. भुकटी, वीज, उष्णता. तापलेल्या रुळांमधून जाताना भुकटी वितळून कागदात मुरते, आणि तीच ऊब मला दुकानाच्या फळीवर भेटते.

करंजाड्यात ही दुकानं फार आहेत. असणारच. हे गाव जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचं, भाडेकरारांचं आणि नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठून आलेल्या घरांचं. उलव्याची टेकडी कापून सपाट झाली, नदीची वाट बदलली, आणि त्या सगळ्यातून वाचलं ते अनेकदा एवढंच, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं एखादं कागदपत्र. मागच्या पावसाळ्यात माझ्या पुढे एक आजोबा उभे होते. त्यांनी पिशवीतून ग्रामपंचायतीची घरपट्टीची जुनी पावती काढली, कार्बनची, निळी, जवळजवळ पुसलेली. दुकानातल्या मुलाने ती उजेडात धरून पाहिली.

"आजोबा, हे घर आता नाही ना? ही पावती कुठे लागायची नाही."

"माहीत हाय," ते म्हणाले. "तीन काढ, तिघा पोरांना. आनि जरा काळी काढ. घराचा नंबर वाचता आला पाहिजे."