छावणीतला मसाल्याचा केक

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, म्हणजे ब्रिटिशकालीन लष्करी वसाहतीत, डिसेंबरची थंडी आणि नाताळ एकत्र येतात, तेव्हा सुकामेवा व मसाले घातलेला केक मित्रमंडळींत वाटला जाणे ओघानेच येते. ओव्हन नसलेल्या घरात जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून त्यावर केकचे भांडे ठेवतात. मीठ उष्णता साठवून ती संथपणे सोडते, म्हणून तळ सहसा करपत नाही. जायफळ आणि जायपत्री, म्हणजे जायफळाच्या बीवरचे तांबडे जाळीदार आवरण, एकाच फळातून मिळतात. मात्र जायफळाचा हात सैल सुटला तर केक कडवट होतो, आणि अक्रोडांची उदारताही मग त्याला वाचवू शकत नाही. मसाला मुरायला एक रात्र लागत असल्याने मित्र येण्याच्या आदल्या दिवशीच केक भाजलेला बरा.