जुन्या खेळयंत्रांचें कोष्टक

आमच्या लहानपणीं घरीं निंटेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल केलेलें एक खेळयंत्र होतें. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९,९९९ खेळ’ असें ठळक छापलेलें होतें. एका मे महिन्याच्या सुटींत आम्हीं ते मोजावयास घेतले. खरे खेळ अवघे बारा निघाले. बाकीचीं त्यांचींच निरनिराळीं नांवें! छापील आंकड्यांवरील आमची श्रद्धा त्या दिवशीं उडाली, असें आम्ही पुष्कळ वर्षें समजत होतों.

पुढें त्या काळच्या यंत्रांची तांत्रिक तुलना एका विकीवर, म्हणजे कोणासहि भर घालतां व दुरुस्ती करतां येईल अशा सामायिक कोशांत, नीट लावण्याचें काम आम्हीं पत्करलें. कोष्टक आंखावें, आंकडे भरावे, कीं झालें, अशी आमची समजूत. पण वेगाच्या पहिल्याच रकान्यानें आम्हांस अडविलें. सेगाच्या १९८८ सालच्या मेगा ड्राइव्हचा मुख्य प्रोसेसर सेकंदास सुमारें ७७ लाख ठोके घेतो, आणि १९९० सालच्या सुपर फॅमिकॉमचा फार तर ३६ लाख. वाचणारा सहज म्हणेल, पहिला दुपटीनें वेगवान. परंतु पहिल्यास स्मृतींतून एक खेप आणावयास चार ठोके लागतात व त्या खेपेंत सोळा बिट येतात. दुसरा एकाच ठोक्यांत खेप करितो, पण आठच बिट आणितो. एक मोठी घागर घेऊन लहान पावलांनीं चालणारा, दुसरा तांब्या घेऊन लांब ढांगा टाकणारा; नुसतीं पावलें मोजून पाणी किती भरलें तें कसें समजावें? तेव्हां ठोक्यांशेजारीं खेपांचाहि रकाना घातला.

‘किती बिटी’ या रकान्याची तऱ्हा तर न्यारीच. १९८७ सालच्या पीसी एंजिनचा प्रोसेसर आठ बिटी, चित्रें काढणाऱ्या चिपा सोळा बिटी, आणि अमेरिकेंत विकतांना नांवांतच १६! तो रकाना फोडून दोन केले. असो.

एवढी दक्षता घेऊनहि आम्ही घसरलोंच. सुपर फॅमिकॉमवरील ‘स्ट्रीट फायटर २’ची कॅसेट १६ मेगाबिटांची, आम्हीं घाईनें १६ मेगाबाइट लिहिलें. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हां खरें माप दोनच मेगाबाइट. चूक कित्येक महिने तशीच राहिली. आमच्या भाच्यानें तोच आंकडा शाळेच्या प्रदर्शनांतील आपल्या तक्त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिला. परीक्षकांनीं सर्वांदेखत तो खोडावयास लाविला, व हें कोणीं सांगितलें, असें विचारलें. “मामानें,” एवढेंच तो म्हणाला. घरीं आल्यावर त्यानें तक्ता गुंडाळून कपाटावर टाकिला आणि विचारलें, “मामा, तुम्हीं स्वतः मोजलें होतें का?”

आम्हांस उत्तर सुचेना. दुरुस्ती त्याच रात्रीं केली. पण विकीवर जुनी आवृत्ति राहते, आणि तो आंकडा आमच्या नांवानिशीं अद्याप तेथें आहे.

चार दिवसांनीं भाचा आपण होऊन जवळ येऊन बसला. मेगा ड्राइव्हच्या रंगांचा रकाना आपण तपासतों, म्हणाला. ५१२ रंगांपैकीं एका वेळीं ६४, असें आम्हीं लिहिलें होतें. त्यानें वहींत सोळा-सोळा रंगांचे चार संच आंखले, प्रत्येकांतील एक पारदर्शक म्हणून खोडला, पंधरा चोक साठ केले, पार्श्वभूमीचा एक मिळविला, आणि आम्हांस न विचारतां ६४ चे ६१ केले.