रोजनामा वाचल्यावर

वकील बदलू की नको, हे माझं बहुतेक सगळ्यांना विचारून झालं होतं. मावशी म्हणाली, "केस मध्यावर आलीय, आता नवा माणूस पहिल्यापासून वाचत बसणार आणि पुन्हा फी घेणार." ऑफिसातल्या मैत्रिणीचं ठाम मत, "तो तिकडच्यांना फितूर असणार, लगेच बदल." आप्पा गप्प. वकील त्यांच्याच ओळखीचे, धाकटीच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलेले. कायद्याची अडचण नंतरची, आधी ही.

घटस्फोटाचा अर्ज नवऱ्याने केला होता. मी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली माझ्यासाठी आणि मुलीसाठी अंतरिम पोटगी मागितली होती. असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. 'शक्यतो' या शब्दात किती तारखा बसतात ते वसईच्या कोर्टाचा व्हरांडा जाणतो. अर्धी रजा टाकून नालासोपाऱ्याहून वसई रोड, तिथून शेअर रिक्षाने वसई गाव, मग पुकाऱ्याची वाट. बरेचदा साहेबांचा ज्युनिअर यायचा, "ताई, पुढची तारीख पडली" म्हणून दुसऱ्या कोर्टात पळायचा.

आमच्या इमारतीत एक निवृत्त बेलिफ राहतात. ते म्हणाले, "माणसांना काय विचारतेस? रोजनाम्याची नक्कल काढ." मोबाइलवर ई-कोर्ट्समध्ये तारीख दिसते, पण मुदत कोणी मागितली, कोण गैरहजर होतं, हे रोजनाम्यात नीट कळतं. नकलेचा अर्ज दिला आणि कागद हातात आल्यावर एका रात्रीत वाचून काढला.

फितुरीचा संशय तिथेच मिटला. काही तारखांना न्यायाधीश रजेवर होते. मुदतीचे बहुतेक अर्ज नवऱ्याकडचे होते आणि त्यांना आमच्या वकिलांनी लेखी विरोधही केला होता. मात्र एक नोंद पुन्हा पुन्हा येत होती: पत्नीतर्फे मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र दाखल नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी हे शपथपत्र द्यावं असं ठरवून दिलं, नमुनाही जोडून दिला. त्यासाठी माझी पगारपत्रकं, बँकेची पासबुकं, मुलीच्या फीच्या पावत्या लागणार होत्या. त्या मला कोणी मागितल्याच नव्हत्या. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "करू हो, घाई काय आहे?"

घाई मला होती. घरभाडं दर महिन्याला जात होतं. ओळख, वय, अनुभव सगळं मान्य. पण ज्याला माझ्या अर्जाची घाई नाही, तो माझा वकील नको.

बदलणं त्यामानाने सोपं निघालं. जुन्या वकिलांनी वकीलपत्रावर 'हरकत नाही' लिहून सही केली की नवं वकीलपत्र दाखल होतं. सही दिली नाही, तर कोर्टाकडे परवानगीचा अर्ज करता येतो. थकलेल्या फीसाठी अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही. आप्पा स्वतः बरोबर आले, साहेबांनी सही केली, वर चहाही मागवला.

नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत पासबुकं मागितली. अंतरिम पोटगीचा आदेश झाला. घटस्फोटाची केस अजून चालू आहे.

फीच्या भीतीने कोणी बाई जुन्याच वकिलाकडे अडकली असेल, तर तिने तालुका विधी सेवा समितीत अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.