सायीचा रंग

जुनी मोटार विकत घेणाऱ्याला तिचा रंग निवडता येत नाही. जुन्या घराबरोबर पूर्वीच्या मालकाने अंगणात लावलेली चिंच जशी आपल्या नशिबी येते, तशा माझ्या नशिबी सायीच्या रंगाच्या कातडी गाद्या आल्या. मोटार पुण्याची. किल्ली माझ्या हाती देताना तिचे मालक, मुलगी सासरी पाठवणारा बाप जावयाला बजावतो तशा सुरात म्हणाले, "बाकी काही नाही, सीटांना जपा!"

पुण्यात हा रंग शोभत असेल. नंदुरबारात तो शोभण्याआधी मळतो. एक तर आमची काळी माती. पावसाळ्यात ती चपलेला धरून आत येते आणि उन्हाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन. दुसरी आमची मिरची. दिवाळीच्या सुमाराला बाजारात ओल्या लाल मिरच्यांचे ट्रॅक्टर येऊ लागतात. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर त्या वाळत घालतात. त्या जागेला इकडे पथारी म्हणतात. लांबून पाहावे तर कुणा राजाच्या स्वागताला लाल पायघड्या घातल्या आहेत असे वाटते. जवळ जावे तर आपले स्वागत शिंकेने होते! अशा गावात सायीच्या रंगाची गादी बाळगणे म्हणजे होळीच्या दिवशी पांढरा सदरा घालून चौकात उभे राहण्यासारखेच.

पण जबाबदारी अंगावर पडली की माणूस कायदे करू लागतो. मीही केले. मोटारीत चहा, चिवडा आणि ऊस वर्ज्य. चप्पल झटकल्याशिवाय प्रवेश नाही. चिरंजीवांच्या कोऱ्या निळ्या जीनला सक्त मनाई, कारण तिची नीळ घामाने सुटते आणि फिकट कातड्याला बिलगते. शेवटी मी सगळ्या गाद्यांवर पांढरे टर्किश टॉवेल पसरले. एके काळी साहेब लोकांच्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये असे टॉवेल असत. २०१४ साली ती गाडी निघायची बंद झाली, पण तिच्या टॉवेलांनी आमच्या घरी पुनर्जन्म घेतला. "गाद्या दिसतच नाहीत, तर त्यांचा रंग कोणता का असेना!" असे सौ. म्हणाली. मी ते ऐकले नाही असे दाखवले.

पहिले संकट दसऱ्याला आले. मोटारीची पूजा झाली आणि त्या गडबडीत कुणाच्या तरी हळदीच्या बोटांचा ठसा मागच्या गादीवर उमटला. मी धावत जाऊन कपडे धुण्याचा साबण आणला आणि घासू लागलो. पाहतो तो पिवळा डाग लालभडक! हळद क्षाराला भेटली की लाल होते आणि तिच्या याच गुणावर कुंकू तयार होते, हे सौ.ला ठाऊक होते. मराठीच्या प्राध्यापकाला नव्हते. आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी धीर दिला. साबण पुसून काढला की लाली जाईल, म्हणाले, आणि उरलेली पिवळी खूण ऊन खाऊन टाकील. तसेच झाले. दोन दिवसांच्या उन्हाने हळद उडाली.

दुसरे संकट मी स्वतः ओढवून घेतले. आमचे वडील वहाणांना अधूनमधून तेल चोळीत, हे लहानपणी पाहिलेले. वहाण काय आणि गादी काय, कातडे ते कातडेच, असा विचार करून एका रविवारी मी गाद्यांना खोबरेल लावले. तेल काही आत मुरेना. गाद्या चिकट झाल्या आणि गावातली सारी धूळ आमंत्रण असल्यासारखी येऊन बसली. एका कोपऱ्यात तर केशरी ढग पसरला. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तर आमटीवर लाल तवंग येतो! गादीवर नकळत पडलेल्या मिरचीच्या भुकटीला मी घरबसल्या फोडणी दिली होती. त्या दिवसापासून टॉवेलांची घडी दुहेरी झाली.

आणि अशातच, कार्तिकात, मामा भेटले.

मामांचे गाव प्रकाशाच्या पुढे, तापीपलीकडे. वय पंच्याहत्तरीच्या घरात, पण मिरचीबरोबर अजून स्वतः बाजारात येतात. सौदा आटोपून ते एस. टी.ची वाट पाहत उभे होते. मी मोटार थांबवली. "चला मामा, घरापर्यंत सोडतो." मामा दाराशी आले, आत डोकावले आणि तिथेच थबकले. सकाळपासून मिरचीच्या ढिगात वावरलेले धोतर, तांबूस झालेले हात. ते त्या पांढऱ्या टॉवेलाकडे पाहत म्हणाले, "मना कपडा मळेल शेतस रे बाबा."

मी "छे छे, बसा हो," म्हणालो. पण खरे सांगतो, ते म्हणण्याआधी क्षणभर थांबलो. तो क्षण मामांनी पाहिला असावा. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, झटकले आणि माझ्या दुहेरी टॉवेलावर अंथरले. मग त्याच्या कडेवर, परक्याच्या ओसरीवर बसावे तसे बसले.

वाटेत मी पाऊसपाण्याच्या, भावाच्या गोष्टी काढल्या. मामा बोलत होते. प्रकाशाच्या पुलावर मी समोरच्या आरशात पाहिले. मामांनी अजून गादीला पाठ टेकली नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवून ते ताठ बसले होते. हात कशाला लागू नयेत म्हणून! खाली तापी वाहत होती आणि मला एकाएकी आठवले की, मी कॉलेजात असताना दर वर्षी माझी फी याच हातांनी आणून दिली होती, मिरचीचे पैसे आले की. ज्या मिरचीला मी मोटारीत घ्यायला तयार नव्हतो, तिच्यावरच माझे बी. ए. झाले होते.

घरी आल्यावर कुणाला काही बोललो नाही. पण टॉवेल पाहिले की ते उपरणे दिसे.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठचा एकमुखी दत्त आणि घोड्यांचा बाजार, दोन्ही प्रसिद्ध. मुलांच्या हट्टाखातर आम्ही गेलो. घोड्यांपेक्षा मी रेंगाळलो तो खोगिरांच्या दुकानाशी. कातड्याचे खोगीर म्हणजे काय साधी गोष्ट? त्याला खालून घोड्याचा घाम, वरून स्वाराचा घाम आणि चहूकडून रस्त्याची धूळ. तरीही दुकानात दुरुस्तीला आलेली जुनी खोगिरे कशी तुकतुकीत दिसत होती. मी दुकानदाराला माझे दुःख सांगितले. तो हसला. "साहेब, बसायची वस्तू आहे. कोरी राहायची नाही. निगेत ठेवा."

मग त्याने निगा म्हणजे काय ते सांगितले. काही पुढे मी वाचून ताडून पाहिले. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेले कोल्हापुरी वहाणेचे कातडे तेल पिते, पायाचा रंग घेते आणि म्हातारपणी देखणे होते. मोटारीच्या गादीचे कातडे बहुधा निराळ्या रीतीने कमावतात आणि त्यावर रंगाचा व त्याहीवर पारदर्शक असा पातळ लेप देतात. म्हणजे आपण जे पुसतो ते कातडे नसून त्यावरचा लेप असतो. तेलाला तिथे वाव नाही. स्पिरिट, थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे औषध लावले तर डागाबरोबर लेपही निघून येतो. पहिला शत्रू डाग नव्हे, धूळ. तिचे कण काचकागदासारखे घासतात; म्हणून शिवणीतली धूळ आधी मऊ ब्रशाने काढावी. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाकून फेस करावा. फडके घट्ट पिळून, फेसानेच पुसावे. दुसऱ्या ओल्या फडक्याने साबण काढावा, तिसऱ्या कोरड्याने टिपावे आणि सावलीत वाळू द्यावे. कोणताही नवा उपाय आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावा. नव्या जीनची नीळ मात्र दिसल्या दिवशीच पुसावी. जुनी झाली की ती बिऱ्हाड सोडत नाही.

पुढच्या रविवारी मी हे सारे केले. दोन तास लागले. केशरी ढग तेलासकट गेला, कारण साबण तेलाला उचलतो आणि तेलाबरोबर त्यात विरघळलेला रंगही. मला स्वतःचेच हसू आले. ज्या डागाच्या धास्तीने मी दोन महिने घरच्यांना जेरीस आणले, तो एका रविवारचा धनी होता! संध्याकाळी मी टॉवेल काढले आणि त्यांना त्यांच्या मूळ जागी, न्हाणीघरात पाठवले.

संक्रांतीला मामांकडे गेलो आणि त्यांना चार दिवस राहायला घेऊन आलो. या वेळी त्यांनी आत पाहिले. टॉवेल नव्हते, मागच्या गादीवर मुलीने सांडलेले चार तीळ होते आणि दाराशी चिरंजीवांच्या बुटांची माती होती. मामांचा हात उपरण्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. ते बसले. नीट, आतपर्यंत सरकून. पुलावर येईतो त्यांची मान मागे टेकली होती आणि नंदुरबार येईपर्यंत ते चक्क घोरत होते.

त्यांच्या डोक्याच्या तेलाचा तळहाताएवढा डाग गादीच्या माथ्यावर पडला. दुसऱ्या दिवशी मी तो पुसला. पाच मिनिटेही लागली नाहीत.

आता दर पंधरा दिवसांनी गाद्या पुसण्याचा माझा परिपाठ आहे. परवाच दिवाळीच्या सफाईत सौ.ने विचारले, "पुन्हा मळणारच आहेत, तर इतक्या मन लावून कशाला पुसता?"

म्हटले, "पुन्हा कुणीतरी बसावे म्हणून."