धर्माची गाय

मुलुंडहून घाटकोपरास जाणारी आमची सकाळची गाडी पांच मिनिटें उशिरा आली, म्हणजे फलाटावरील आम्हां सज्जनांची वाणी ऐकण्यासारखी होते. स्टेशनमास्तरांपासून मंत्र्यांपर्यंत तींतून कोणीहि सुटत नाहीं. जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों तरी अशा प्रसंगीं आम्हांस मराठीच आठवते. मात्र हाच संतप्त जनसमुदाय हातांतील फोनवरचें चक्र फिरत राहिलें, तर त्याकडे एखाद्या योग्याच्या शांततेनें पाहत बसतो, हें आमच्या ध्यानांत यावयास बरींच वर्षें लागलीं.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र वाचकांना आठवत असेल. नऊनंतर थोड्याच वेळानें फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम हीं तिन्ही एकदम मुकीं झालीं, तीं सुमारें सहा तास. कंपनीनें मागाहून खुलासा केला कीं, नित्याच्या देखभालींत दिलेल्या एका आज्ञेनें तिच्या विदाकेंद्रांमधील जोडण्या तुटल्या आणि तिचे पत्तेच महाजालांतून नाहींसे झाले. दुरुस्तीस धांवलेल्या अभियंत्यांना आपल्याच केंद्रांत शिरण्यास वेळ लागला. इकडे मुलुंडांत आम्हीं काय केलें? आधीं स्वतःच्या फोनवर संशय घेतला. मग घरांतील वाय-फायचें यंत्र तीनदां बंद करून चालूं केलें. अखेर शेजाऱ्यांचें दार ठोठावलें, आणि त्यांचेंहि बंद आहे हें कळतांच आम्हांस चक्क समाधान वाटलें! रागाचा लवलेशहि नव्हता.

ऑर्कुटच्या काळींहि असेंच. तें वरचेवर बिघडे आणि पडद्यावर 'दुष्ट सर्व्हर, तुला डोनट नाहीं' अशा अर्थाची थट्टेची पाटी येई. आम्ही हंसत असूं. २००४ सालीं निघालेलें तें स्थळ ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें, तेव्हां आमच्या ओळखींतल्या एकानेंहि निषेधाचा शब्द काढला नाहीं.

कारण उघड आहे. धर्माची गाय, तिला दांत कां नाहींत म्हणून विचारूं नये. पाणपोईचा नळ कोरडा असला तर दात्याला कोणी शिव्या देत नाहीं. पण पाणपोई बांधणारा शेटजी कोण केव्हां तहानेला होता याची वही ठेवीत नाहीं. फेसबुकच्या कंपनीचें जवळजवळ सारें उत्पन्न जाहिरातींचें आहे, आणि त्या जाहिराती आमच्याच आवडीनिवडी पाहून लावलेल्या असतात. तेव्हां दावणीला नक्की कोण बांधलेलें आहे, हें एकदां गोठ्यांत डोकावून पाहण्यासारखें आहे.

हें सारें तटस्थपणें लिहून थांबतां आलें असतें, पण राहवत नाहीं. बोरिवलीचे आमचे थोरले बंधु तीन वर्षांपूर्वीं गेले. ते रोज सकाळीं आपल्या आवाजांत दोन-तीन वाक्यें आम्हांस पाठवीत: पाऊस किती, गुडघा कसा, काल भाजींत मीठ कसें कमी पडलें. अशाच एका फुकट सेवेंत तीं सांठलेलीं होतीं. नांव घेत नाहीं. फोन बदलतांना तीं गेलीं. वेगळी प्रत काढून ठेवण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें, हाहि दोष आहेच. तक्रार लिहिली, यंत्रानें उत्तर दिलें. पुन्हां लिहिली, पुन्हां तेंच उत्तर. परवां तीं पत्रें चाळतांना दिसलें कीं, प्रत्येकाच्या अखेरीस आम्हीं 'तसदीबद्दल क्षमस्व' असें लिहिलें आहे. पांच मिनिटांसाठीं मंत्र्यांचा उद्धार करणाऱ्या माणसानें!

वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, ह्यांचा आवाज सांपडला का?" आम्ही म्हणालों, "शोधताहेत." कोण शोधताहेत, तें त्यांनीं विचारलें नाहीं, हें बरें झालें.

बंधु पुण्यास शिकत असतांना आम्हांस लिहीत, तीं १५ पैशांचीं पोस्टकार्डें अद्याप आमच्या कपाटांत आहेत. त्यांतील एक नऊ दिवस उशिरा पोंचलें होतें, आणि वडिलांनीं त्याबद्दल मोठा खरमरीत अर्ज केला होता. त्या अर्जाची नक्कलहि त्याच गठ्ठ्यांत बांधलेली आहे.